पहिला पेला मोठ्याचा

चऱ्होलीत भिमाजी आबांना आवडलेली वस्तू अजून कुणाच्या पाहण्यात नाही. नवा सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा आबांनी त्याला काठीनं टोचून बघितलं आणि म्हणाले, "ह्येच्यापरास आमची पांदण बरी व्हती." शेजारच्या वावरात सोळा मजली सोसायटी उठली तेव्हा मान वर करायचीही तसदी न घेता म्हणाले, "कोंबड्यांची खुराडी." सून अपेक्षा तळवड्यात कॉम्प्युटरवर काम करणारी, शिकलेली पोर. तिनं लग्नानंतर हौसेनं पुरणपोळी केली, तर एक घास चावून आबांनी ताट पुढं सरकवलं आणि आपला ठरलेला निकाल दिला, "फेकून द्या." संध्याकाळी त्याच पोळ्या त्यांनी दुधात कुस्करून गपचूप संपवल्या, ही गोष्ट वेगळी.

नाकानं कांदे सोलणारा माणूस म्हणून भावकीत त्यांची ख्याती होती. बायको गोजाबाई म्हणायची, "ह्यास्नी सोरगात न्हेलं तर तिथंबी म्हनतील, दार जरा बारीकच हाय."

कशाला चांगलं म्हणायची पाळी आबांवर जन्मात एकदाच आली. त्यांची आई रुक्मिणीबाई पिंपरीच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हातारीनं डोळे उघडून विचारलं, "कशी दिसती रं मी?" आबा म्हणाले, "ब्येस. लई ब्येस हायेस तू, आये." दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी गेली. आबांचा दहा वर्षांचा पोरगा जयदीप हे बोलणं चाललं तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. घरी येताना त्यानं विचारलं, "आबा, आजी तर बरी नव्हती. मग ब्येस का म्हणालात?" आबा म्हणाले, "समदं हाताबाहीर गेल्यालं आसतं ना, तवा म्हनायचं आसतं तसं." त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. गरजच पडली नाही म्हणा; नावं ठेवण्यात दिवस कसे झरझर जातात.

तर हा जयदीप शिकून इंजिनिअर झाला, चाकणच्या कंपनीत लागला, आणि कंपनीनं त्याला मशीनचं काम शिकायला आठ महिने फिनलंडला धाडलं. तिथं कुठल्याशा खेड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला लाकडी मगातून घरची बिअर पाजली. साहती तिचं नाव. जव आणि राय नावाचं तिकडचं धान्य भिजवून कढत पाण्यात शिजवायचं, मग ते पाणी लाकडी डोणीत जुनिपरच्या झाडाच्या फांद्या अंथरून त्यातून गाळायचं, पावाचं यीस्ट घालायचं आणि आठवड्यात पिऊन टाकायचं. एवढंच. पण पोराला ते काय भावलं देव जाणे, परत आला तो दाढी वाढवून आणि डोक्यात खूळ घेऊन. दोन वर्षांत राजीनामा दिला, लातूरकडचा दोस्त निरंजन जोडीला घेतला आणि तळवड्यात आयटी पार्कसमोर बिअर बनवायचा कारखाना थाटला. नाव ठेवलं 'बांध'.

"बांध?" आबा म्हणाले. "बांधापायी सख्ख्या भावांनी एकमेकावर कुऱ्हाडी काढल्यात, आन् ह्येनी बिअरला नाव दिलं. इंजिनेर केला आन् गुत्ता टाकला गड्यानं."

जयदीप हसला नाही आणि चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, "आबा, शनिवारी साहती पहिल्यांदा लोकांपुढं ठेवतोय. साठ माणसं बोलावलीत. पहिला पेला तुम्ही घ्यायचा. पत्रिकेत छापलंय."

आता यावर बोलायला आबांना जागा नव्हती. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली ओंजळ घरातल्या मोठ्यानं प्यायची आणि त्यानं मान हलवेपर्यंत बाकीच्यांनी तोंड लावायचं नाही, ही रीत त्यांच्याच घरची. विहीर बुजली, तिच्यावर पार्किंग झालं, पण रीत पोराच्या लक्षात राहिली होती. आबांना आतून बरं वाटलं. तोंडानं म्हणाले, "बगू."

शनिवारी साडेचारला जयदीपनं त्यांना गाडीत घालून तळवड्याला नेलं. पाहुणे सातला यायचे होते. त्याआधी आबांनी निवांत चव बघावी, लोकांपुढं फजिती नको, असा त्याचा हिशोब. आबांनी आत पाऊल टाकलं आणि काम सुरू केलं. भिंतीला गिलावा का केला न्हाई? मुद्दाम तशी ठेवली आहे म्हणे. "व्हय, आमच्या गोठ्याचीबी मुद्दामच व्हती." स्टुलं एवढी उंच का? "प्यायल्यावर मानूस पडावा म्हनून." दिवे दोरीला टांगलेले बघून तर त्यांनी नुसतंच "हॅ" केलं. मधोमध सागवानी लाकूड कोरून केलेली लांबलचक डोण मांडली होती आणि लोकांना दाखवायला तिच्यात हिरव्या फांद्या रचल्या होत्या. भोसरीच्या सुताराकडून ती घडवून घ्यायला दोन महिने लागले, असं जयदीप कौतुकानं सांगत होता.

"गव्हान हाय की ही," आबा म्हणाले. "बैल कुटं हायेत?"

निरंजन फिस्सकन हसला. आपल्याला कुणी हसून दाद देतंय हे बघून आबांना चेव चढला. "आन आता तुजं ते अमृत."

पेला आला. आबा काही माळकरी नव्हते. ऐन उमेदीत देशी प्यायले होते, कंपनीतल्या निरोप समारंभांत इंग्लिश प्यायले होते, आणि दोन्हींना नावं ठेवली होती. त्यांनी पेला उजेडाकडं धरला. आतलं पाणी गढूळ, घट्ट, तांबूस. फेसाचा पत्ता नाही.

"ह्यात फेसच न्हाई."

"साहतीला नसतो आबा."

"गाळली न्हाई नीट."

"अशीच असते."

"समदं आसंच आसतं तुमच्यात." आबांनी वास घेतला. "काळं पडल्यालं केळं." मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि त्यांचा चेहरा असा झाला की जयदीपनं नजर दुसरीकडं वळवली. "आंबोन! गाईम्हशीला भिजवून घालतो ना भुसा-पेंड, त्ये आंबोन गाळून काचंच्या पेल्यात घातलंय. आन् ह्ये प्यायला आयटीतली लोकं येनार? मग त्येंच्या पुढ्यात कडबाबी टाक."

निरंजन पुन्हा हसला. जयदीप ओठ आवळून उभा होता. आबा दुसऱ्या घोटाला आणखी काय म्हणता येईल याची जुळवाजुळव करत पेला तोंडाशी नेत होते, आणि तिथंच थांबले.

केळ्याच्या वासाखाली दुसरा एक वास होता. कापरासारखा, राळेसारखा, उग्र. त्या वासाला नाव शोधायची गरज नव्हती. एकतीस वर्षं तो त्यांच्या हातांना येत होता.

झालं होतं असं, की आबांच्या घरची चार एकर कंपनीला गेली आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. आबांना मिळाली ती माळ्याची. ज्या वावरात बाजरी काढली त्याच वावरात त्यांनी एकतीस वर्षं गवत कापलं आणि गेटापासून कँटीनपर्यंत दुतर्फा लावलेली मोरपंखी कातरून सारखी केली. मोरपंखीचा त्यांना जेवढा तिटकारा होता तेवढा साहेबाचाही नव्हता. फळ नाही, फूल नाही, बुडाशी कुत्र्याला बसायला सावली नाही. नुसतं हिरवं दिसायचं आणि पगार घ्यायचा. एका उन्हाळ्यात चारा नव्हता म्हणून त्यांनी कातरलेला पाला पोत्यात भरून घरी नेला. शेळी तोंड लावेना. मग शहाणपणा करून तो भुशात कालवला. गाभण शेळीनं भुकेपोटी खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला फेस आला, पोटातली दोन्ही करडं पडली आणि सांजेला तीही गेली. गोजाबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती.

आबांनी पेला खाली ठेवला, थुंकून तोंड साफ केलं. डोणीतली एक फांदी उचलली, तळहातावर चोळली आणि नाकाशी नेली.

"ह्यो पाला कुटनं आनला?"

"मीच आणलो की आबा," निरंजन म्हणाला. "आळंदी रोडला एक नर्सरी हाय तिथून, चार पोती. आधीच्या दोन बॅचला जयदीपनं फिनलंडहून आणलेल्या फांद्या होत्या, त्या संपल्या. नर्सरीवाला म्हणला, इंपोर्टेड जुनिपर हाय."

"ही मोरपंखी हाय."

"आबा," जयदीप म्हणाला, "दोन्ही एकाच कुळातली झाडं. थोडंफार सारखं दिसणारच. तिकडं पानं टोकदार असतात, इकडच्या हवेत चपटी येतात. निरंजननं विचारून घेतलंय."

"कुनाला इचारलं? इकनाऱ्याला? बाबळीला चंदन म्हन म्हनलास तर म्हनंल त्यो. आरं, ह्येला शिंगांची बोंडं येत्यात. खाली वाकून बग, घावतील."

"नाही बघायचं मला."

"ह्येच्यानं शेळी मेलीया माजी! मानसाला काय व्हतं त्ये मला ठावं न्हाई, पर शेळीला काय झालं त्ये ह्या डोळ्यांनी बगितलंय. समदी टाकी वत गटारात. फेकून दे!"

हा शेवटचा शब्द बोलले नसते तर बरं झालं असतं. तो ऐकला आणि जयदीपचा चेहरा दगडासारखा झाला.

"दहावीला शहाऐंशी टक्के पडले तेव्हा म्हणालात, बाकीचे चौदा कुठं सांडले," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिल्या पगारातून तुम्हाला घड्याळ आणलं, फेकून दे. फिनलंडहून स्वेटर आणला, फेकून दे. अपेक्षाची पोळी, फेकून दे. आणि आज तीनशे लिटर साहती! आत्ता दहा मिनिटांपूर्वी तिला आंबोण म्हणालात, कडबा टाक म्हणालात. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून आता विष म्हणताय. आबा, चौतीस वर्षांचा झालो मी. माझी एक, एक तरी गोष्ट बरी आहे असं तुम्हाला कधी वाटलं का हो?"

आबांनी हातातली फांदी पुढं केली. जयदीपनं तिच्याकडं बघितलं नाही.

"चांगलं म्हणू नका. पण आज साठ लोकांपुढं गप्प तरी बसा. एवढंच मागतो," जयदीप म्हणाला आणि आत निघून गेला.

निरंजन खांदे उडवून म्हणाला, "आबा, तुम्ही बी काय बोलायलाव. टेन्शनमधी हाय त्यो." आणि तोही पेले पुसायला गेला.

आबा बाहेर पायरीवर येऊन बसले. त्यांनी गोजाबाईला फोन लावला. म्हणाले, पोराला शेळीचं सांग. तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "पोराचा मोठा दिस हाय, आजच्या दिस तरी तोंड आवरा की," म्हणाली आणि फोन ठेवला. गेटवरच्या वॉचमनला सांगून बघितलं, तर तो म्हणाला, "काका, आज फ्री आहे ना सगळं?" पाहुणे यायला लागले होते. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली, हसणारी, तिशीतली पोरं-पोरी. चांगल्या घरची दिसत होती. अपेक्षाच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या, त्यातल्या दोघी वाकून आबांच्या पाया पडल्या.

आबांना लाज वाटली. खरोखरची. रस्त्याला, इमारतीला, पोळीला, घड्याळाला, स्वेटरला, ऊठसूट जिथं तिथं तो शब्द फेकला होता, आणि आज खरोखर फेकायची वेळ आली तर त्यात दमडीचं वजन उरलं नव्हतं. आता छाती बडवून ओरडले असते तरी लोक म्हणाले असते, म्हातारं असंच आहे, लक्ष देऊ नका. आणि म्हणायला पोरानंच पुढाकार घेतला असता. त्याचा तरी काय दोष? त्याला दुसरं काही ऐकायला मिळालंच नव्हतं.

सात वाजता अपेक्षा बोलवायला आली. "आबा, चला. आणि प्लीज, आज..."

आत साठ माणसं उभी होती. टेबलावर साठ पेले भरून मांडलेले. जयदीपच्या हातात माईक होता. विहिरीची रीत त्यानं सांगितली. पहिली ओंजळ मोठ्याची, तोवर कुणी तोंड लावायचं नाही. लोकांना ते फार आवडलं, मोबाइल वर झाले. जयदीपनं पेला आबांच्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसती विनवणी होती, लहानपणी प्रगतिपुस्तक पुढं करताना असायची तशी.

आबांनी पेला ओठांपर्यंत नेला. उग्र वास नाकात शिरला. त्यांनी पेला खाली घेतला आणि पोराच्या डोळ्यात बघून, अगदी सावकाश म्हणाले,

"ब्येस. लई ब्येस झालंय, पोरा."

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. निरंजननं पेल्यांचा ट्रे उचलला.

जयदीप मात्र जागच्या जागी उभा होता. टाळ्या त्याला ऐकूच गेल्या नाहीत. चौतीस वर्षं ज्या एका शब्दासाठी तो आसुसला होता तो कानावर पडला होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं दवाखान्यातली खाट होती, पांढरी चादर होती, आणि आजीचा हात धरून बसलेले आबा होते.

"थांब!" तो माईकमध्येच ओरडला. "निरंजन, ट्रे खाली ठेव. कुणी पिऊ नका. कुणीही नाही!"

तो डोणीकडं धावला, गुडघ्यावर बसला आणि फांद्या भराभरा उपसून बाजूला टाकायला लागला. तळाशी हात घातला. वर आला तेव्हा बोटांत एक बोंड होतं, सुपारीएवढं, निळसर हिरवं, आणि त्याला चहूबाजूंनी वाकडी शिंगं. फिनलंडच्या रानात त्यानं स्वतःच्या हातांनी जुनिपरची फळं तोडली होती. ती गोल, गुळगुळीत, निळी. शिंगं असलेलं एकही नाही. आठवडाभर हा पाला त्याच्या हाताखालून गेला होता, पण बघायला तो एकदाही वाकला नव्हता.

जयदीप उठला, माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, माफ करा. आम्ही जुनिपर म्हणून चुकीच्या झाडाच्या फांद्या वापरल्या. चूक आमची, तपासून घ्यायला हवं होतं. आजची सगळी साहती आम्ही ओतून देतोय." मग त्यानं आत जाऊन टाकीचा खालचा नळ सोडला. तीनशे लिटर साहती धो धो वाहत गटाराला गेली. निरंजन डोक्याला हात लावून बसला होता. "चार पोती, आबा," तो म्हणत होता, "चार पोती मी पाठीवर वाहून आणलो."

नळ वाहायचा थांबला तेव्हा जयदीप बाहेर आला. डोळे लाल होते. आबांसमोर उभा राहिला आणि इतरांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला, "आबा, मला परत कधी ब्येस म्हणू नका."

"न्हाई म्हनत," आबा म्हणाले. "शिकल्याला पोरगा हायेस, खाली वाकून बगत जा."

"तुम्हीही मधूनमधून नुसतं बरं म्हणत जा. म्हणजे फरक कळेल."

आबा वाकून फरशीवर विखुरलेल्या फांद्या गोळा करायला लागले.

थंड खोलीत आधीच्या बॅचची बारा लिटर शिल्लक होती, फिनलंडच्या फांद्यांतून गाळलेली. माणशी अर्धा पेला आला असता. लोक म्हणाले, अर्धा तर अर्धा, एवढं बघितल्यावर आता प्यायल्याशिवाय जात नाही. अपेक्षानं नवे पेले मांडले. निरंजननं ओतली. पण कुणी हात लावला नाही. रीत आता सगळ्यांना पाठ झाली होती. साठ माणसं भिमाजी आबांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

जयदीपनं पेला दिला. आबांनी वास घेतला. केळं होतं, जव होता, आणि खाली कुठंतरी पाऊस पडून गेलेल्या रानासारखा ओला वास होता. कापूर नव्हता. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. जयदीप श्वास रोखून त्यांच्याकडं बघत होता.

आबांचं नाक वर चढलं. तोंड वाकडं झालं.

"हॅ!" ते म्हणाले. "निव्वळ आंबोन. फेकून द्या!"

जयदीप खदखदून हसला, इतका की त्याला डोळे पुसावे लागले. "वाढ रे निरंजन!" तो ओरडला. "वाढ सगळ्यांना!"

पेले उचलले गेले, गलका सुरू झाला. त्या गर्दीतून वाट काढत अपेक्षा आबांच्या जवळ आली आणि त्यांच्या हातातला पेला घ्यायला तिनं हात पुढं केला.

"द्या आबा, मी टाकून देते."

आबांनी पेला छातीशी धरला. "तू नगं. मी टाकतो की," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून बसले.